शिंगं नसलेला शिंगवाला डायनासोर

एकमेकांना भिडलेल्या दोन सांगाड्यांचा एक फोटो अधूनमधून फोनवर फिरत असतो. एकाच्या पायाची नखी दुसऱ्याच्या गळ्याशी, आणि दुसऱ्याच्या चोचीत पहिल्याचा हात. नखीवाला कोण हे बहुतेकांना लगेच ओळखता येतं, कारण व्हेलोसिरॅप्टरला सिनेमानं घरोघरी पोचवलं आहे. दुसऱ्याचं नाव मात्र फारसं कुणाला सांगता येत नाही. बुटका, चार पायांवर चालणारा, चोचवाला आणि मानेवर हाडाची झालर मिरवणारा हा प्राणी म्हणजे प्रोटोसेराटॉप्स. हा लेख त्याच्याबद्दल आहे.

डायनासोर म्हटलं की सगळ्यांत मोठा कोण, सगळ्यांत हिंस्र कोण, एवढंच आपण विचारतो. प्रोटोसेराटॉप्स यांपैकी काहीच नव्हता. पण तो ढिगानं सापडतो, आणि अंड्यातल्या पिल्लापासून पूर्ण वाढलेल्या प्राण्यापर्यंत प्रत्येक वयाचा सापडतो. एखाद्या अवाढव्य डायनासोरचे दोन-तीन अर्धवट सांगाडे हाती असतात, तेव्हा त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष तपासून पाहायला दुसरं काही नसतं. इथे मात्र कवट्यांची रांगच्या रांग मांडता येते. म्हणूनच डायनासोर वाढत कसे, पिल्लं कशी जगत, असे साधे पण महत्त्वाचे प्रश्न सोडवताना हा छोटा प्राणी माझ्या मते कित्येक राक्षसी डायनासोरांपेक्षा जास्त मोलाचा ठरला आहे.

कुठला, कधीचा, केवढा?

मंगोलियाचा दक्षिण भाग आणि चीनचा उत्तर भाग यांत गोबीचं वाळवंट पसरलेलं आहे. १९२२ साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीची एक मोहीम रॉय चॅपमन अँड्र्यूज यांच्या नेतृत्वाखाली तिथे पोचली. माणसाच्या पूर्वजांचे अवशेष मध्य आशियात मिळतील अशी त्यांना आशा होती. ते काही मिळाले नाहीत. पण मोहिमेचे छायाचित्रकार जे. बी. शॅकलफर्ड यांना बायनझाग इथल्या लालभडक कड्यांपाशी एक चोचवाली कवटी दिसली. पुढच्याच वर्षी वॉल्टर ग्रेंजर आणि विल्यम किंग ग्रेगरी यांनी तिचं शास्त्रीय वर्णन केलं आणि मोहिमेच्या प्रमुखावरून या प्राण्याला प्रोटोसेराटॉप्स अँड्र्यूजी असं नाव दिलं.

तिथले खडक सुमारे ७.५ ते ७.१ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे क्रिटेशस नावाच्या कालखंडाच्या शेवटच्या टप्प्यातले. डायनासोरांचं युग संपायला तेव्हा आणखी काही लाख नव्हे, तर अर्धा ते जवळजवळ एक कोटी वर्षं बाकी होती. गोबी तेव्हाही कोरडाच होता. वाळूच्या टेकड्या, मधूनच तात्पुरतं साचणारं पाणी, थोडीफार झाडी.

पूर्ण वाढलेला प्रोटोसेराटॉप्स नाकापासून शेपटीपर्यंत दोन ते अडीच मीटर लांब असे. उंची मात्र माणसाच्या कमरेच्याही खालीच. अंगाच्या मानानं डोकं फार मोठं, मोठ्या प्राण्याची कवटी झालरीसकट अर्ध्या मीटरच्या घरात जाते. चालायला चार पाय. पण पुढचे पाय मागच्यांहून आखूड, त्यामुळे पिल्लं अधूनमधून दोन पायांवरही चालत असावीत असं काही अभ्यासकांना वाटतं.

शिंगं नाहीत, मग शिंगवाल्यांच्या कुळात कसा?

ट्रायसेराटॉप्सच्या कपाळावर दोन लांब शिंगं आणि नाकावर एक आखूड शिंग असतं, हे शाळकरी मुलंही सांगतील. प्रोटोसेराटॉप्सला कपाळावर काहीच नाही. नाकाच्या वर मोठ्या वयात थोडा उंचवटा येतो, गालाची हाडं दोन्ही बाजूंना टोकदार होऊन बाहेर निघतात, बस. प्रोटोसेराटॉप्सचीच दुसरी जात असलेला एक थोडा मोठा भाऊबंद चीनच्या अंतर्गत मंगोलिया प्रांतातून २००१ साली वर्णन केला गेला. त्याच्या नाकावर दोन छोट्या शिंगांसारखे उंचवटे आहेत. तरी ट्रायसेराटॉप्सच्या शिंगांपुढे ते नगण्यच.

तरीही दोघं एकाच कुळातले, आणि याचं कारण शिंगांत नाही, वरच्या जबड्याच्या अगदी टोकाला आहे. तिथे एक वेगळं हाड असतं, त्याला रोस्ट्रल म्हणतात. वरच्या चोचीचा गाभा म्हणजे हे हाड. जिवंत किंवा नष्ट झालेल्या दुसऱ्या कुठल्याही प्राण्यात ते नाही. शिंगवाल्या कुळात मात्र झाडून सगळ्यांत आहे. चीनच्या शिंजियांगमध्ये सापडलेला, सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीचा यिनलाँग हा या कुळातला फार जुना सदस्य. त्याला ना शिंग, ना मोठी झालर, पण रोस्ट्रल हाड आहे. त्यानंतरच्या सिटॅकोसॉरसचंही तसंच. म्हणजे या कुळात चोच आधी आली, झालर नंतर, आणि शिंगं सगळ्यांत शेवटी, तीही एका शाखेत. शास्त्रज्ञांना शिंगवाले प्राणी आधी सापडले म्हणून अख्ख्या कुळाला शिंगवाल्यांचं नाव पडलं, एवढंच.

प्रोटोसेराटॉप्स या वाटेवर मधल्या टप्प्यावर उभा आहे. चोच आहे, चांगली मोठी झालर आहे, शिंगं नाहीत.

मग हा ट्रायसेराटॉप्सचा पूर्वज का?

१९२३ मध्ये तसंच वाटलं होतं, आणि रूप पाहून आजही तसं वाटू शकतं. पण कालगणना जुळत नाही. प्रोटोसेराटॉप्स गोबीत हिंडत होता, त्याच सुमाराला उत्तर अमेरिकेत लांब शिंगांचे मोठे डायनासोर आधीच नांदत होते. कपाळावर शिंगं असलेला झुनिसेराटॉप्स तर त्याहून दीडेक कोटी वर्षं जुना आहे. तेव्हा प्रोटोसेराटॉप्स हा पणजोबा नव्हे, चुलत शाखेतला नातेवाईक. मूळ पूर्वजांची ठेवण मात्र त्यानं बऱ्यापैकी जपली, म्हणून मोठ्या शिंगवाल्यांचे आधीचे पूर्वज साधारण कसे दिसत असतील याची कल्पना त्याच्यावरून करता येते.

हा खायचा तरी काय?

झाडपाला. पण चावायची रीत गाईगुरांपेक्षा वेगळी. गाय जबडा आडवा फिरवून चारा दाढांमध्ये रगडते. प्रोटोसेराटॉप्सच्या गालाकडचे दात कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांना लागून खाली-वर सरकत. चोचीनं फांदी तोडायची, आत ओढायची आणि मागच्या दातांनी तिचे बारीक तुकडे करायचे. असं कापायला जबड्यात जोर लागतो. तो देणारे स्नायू मोठे होते हे कवटीच्या मागच्या भागावरून दिसतं. कोरड्या प्रदेशातल्या चिवट, तंतुमय वनस्पतींसाठी ही रचना योग्यच. ट्रायसेराटॉप्समध्ये हेच तंत्र पुढे गेलं आणि दातांचे थरावर थर रचले गेले. प्रोटोसेराटॉप्समध्ये ते एवढं विकसित झालं नव्हतं. उलट वरच्या चोचीच्या मागे, अगदी पुढच्या बाजूला, त्याला दोन्हीकडे दोन-दोन छोटे दातही होते, जे ट्रायसेराटॉप्सच्या शाखेत नाहीसे झाले.

चित्रांत बऱ्याचदा हे प्राणी हिरव्यागार कुरणात चरताना दाखवतात. ते बरोबर नाही. गवताळ मैदानं पृथ्वीवर फार नंतर आली. गवत मात्र डायनासोरांच्या काळात उगवलं होतं, आणि याचा भक्कम पुरावा महाराष्ट्रातून मिळाला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरांच्या विष्ठेचे जीवाश्म, म्हणजे दगड झालेले अवशेष, सापडतात. त्यांत गवताच्या पेशींमधले सिलिकाचे सूक्ष्म कण असल्याचं वंदना प्रसाद, कॅरोलाइन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी २००५ मध्ये दाखवून दिलं. त्याआधी गवत डायनासोरांनंतरचं असंच मानलं जाई. तो खाणारा प्राणी बहुधा लांब मानेचा, अगदी वेगळ्या कुळातला होता आणि प्रोटोसेराटॉप्सनंतरचा. पण गवत होतं म्हणजे कुरणं होती असं नाही, हे भारताला आणि गोबीला दोन्हीकडे लागू पडतं.

मानेवरची झालर कशासाठी?

पाहिल्याबरोबर ढाल आठवते. शिकाऱ्यानं मानेचा चावा घेऊ नये म्हणून निसर्गानं दिलेलं कवच, असं उत्तर जीभेवर तयारच असतं. आता झालरीचं हाड नीट पाहा. ते पातळ आहे, आणि मधोमध दोन मोठाली भोकं आहेत. जिवंतपणी त्यांवर कातडी ताणलेली असणार. व्हेलोसिरॅप्टरच्या दातांपुढे अशी ढाल कितपत टिकली असती?

दुसरं उत्तर स्नायूंचं. जबड्याचे स्नायू लांब करून झालरीला जोडले की चावा जोरदार होईल, असं काही अभ्यासक पूर्वी म्हणत. झालरीच्या बुडाशी स्नायू जोडलेले असणं शक्य आहे. पण पूर्ण झालर त्यासाठी लागत नाही.

इथे ढिगानं सापडलेल्या कवट्या उपयोगी पडतात. पिल्लाला झालर जेमतेम असते. प्राणी मोठा होताना ती बाकीच्या डोक्याच्या मानानं कितीतरी वेगानं वाढते, रुंद होत जाते, आणि गालाची टोकंही तशीच पसरतात. झालर संरक्षणासाठी असती, तर ती सगळ्यांत जास्त गरज असलेल्या लहानग्यांना का नाही? चाव्यासाठी असती, तर खायला पिल्लांनाही लागतंच की. वयात येतानाच फोफावणारा अवयव म्हटलं की जोडीदाराला आकर्षित करणं, कळपात आपला मान दाखवणं, प्रतिस्पर्ध्याला घाबरवणं, या कामांकडे संशय जातो. २०१६ मध्ये वाढीच्या मोजमापांवरून आणि २०२१ मध्ये कवट्यांच्या त्रिमितीय अभ्यासावरून शास्त्रज्ञांनी हेच मत मांडलं. मला ते पटतं, कारण ते एका सुंदर नमुन्यावर नाही, अनेक कवट्यांवर उभं आहे.

मग नराची झालर मोठी आणि मादीची लहान असेल ना, ही पुढची शंका रास्त आहे. पीटर डॉडसन यांनी १९७६ मध्ये कवट्या मोजून तसे दोन गट दिसतात असं म्हटलं होतं, आणि ते अनेक वर्षं मान्य होतं. नव्या, अधिक काटेकोर पद्धतींनी पाहिल्यावर मात्र ते दोन गट वेगळे काढता येत नाहीत. पण नर-मादी सारखे दिसले म्हणून प्रदर्शनाचा मुद्दा खोटा ठरत नाही. आजही कितीतरी पक्ष्यांत नर आणि मादी दोघंही तुरे मिरवतात आणि दोघंही जोडीदार पारखून घेतात.

अंड्यांचा शंभर वर्षांचा घोळ

या प्राण्याच्या गोष्टीतला हा भाग मला सगळ्यांत विलक्षण वाटतो.

१९२३ मध्ये अँड्र्यूज यांच्या मोहिमेला बायनझागला अंडी सापडली. लांबट, टणक कवचाची, गोलाकार मांडलेली. डायनासोर घरट्यात अंडी घालत हे जगाला पटलं ते या शोधानं, आणि वर्तमानपत्रांनी तो डोक्यावर घेतला. अंडी कुणाची? त्या जागी सगळ्यांत जास्त सापडणारा प्राणी प्रोटोसेराटॉप्स, तेव्हा अंडी त्याचीच, असं ठरलं. एका घरट्यावर बिनदातांच्या एका डायनासोरचा सांगाडा पडला होता. तो अंडी पळवायला आला असणार, असं समजून हेन्री फेअरफिल्ड ऑसबॉर्न यांनी १९२४ मध्ये त्याला अंडीचोर अशा अर्थाचं ओव्हिरॅप्टर हे नाव दिलं. या नावामुळे त्याच्या सवयींबद्दल गैरसमज होऊ शकतो, असंही त्यांनी त्याच लेखात लिहून ठेवलं होतं. ते कुणी लक्षात ठेवलं नाही.

सत्तर वर्षांनी, १९९३ मध्ये, मार्क नोरेल यांच्या पथकाला गोबीतल्याच उखा तोलगोद इथे त्याच प्रकारचं अंडं मिळालं, आणि त्यात भ्रूण होता. भ्रूण निघाला ओव्हिरॅप्टरच्या कुळातला. म्हणजे 'चोर' आपल्याच अंड्यांवर बसला होता. नंतर त्याच्या जवळच्या नातेवाइकांचे घरट्यावर पंख पसरून बसलेले सांगाडेही मिळाले.

मग प्रोटोसेराटॉप्सची अंडी गेली कुठे? प्राणी एवढे, पिल्लं एवढी, आणि अंडं एकही नाही? उत्तर २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. उखा तोलगोदहून मिळालेल्या एका दगडात किमान बारा भ्रूण होते, बरेचसे अंड्यात असतात तसे अंग मुडपून पडलेले. त्यांच्याभोवती टणक कवच नव्हतं, फक्त एक पातळ काळपट थर होता. त्या थराची रासायनिक तपासणी करून ती आजच्या पक्ष्यांच्या, सुसरींच्या आणि कासवांच्या अंड्यांशी ताडून पाहिली. प्रोटोसेराटॉप्सचं अंडं मऊ निघालं, वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासविणी वाळूत पुरून ठेवतात त्या अंड्यांसारखं, चामड्यागत कवचाचं. असं कवच सहसा कुजून जातं, दगडात उतरत नाही. टणक अंडी टिकली, मऊ अंडी नाहीशी झाली, आणि जे टिकलं त्यावरून इतकी वर्षं हिशेब केला गेला.

इथे कुणी म्हणेल, पण आपल्याकडे नर्मदेच्या खोऱ्यात तर डायनासोरांची टणक अंडी शेकड्यांनी सापडतात. सापडतात, मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातून ९२ घरटी आणि २५६ अंडी मिळाल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. ती लांब मानेच्या टायटॅनोसॉर कुळातली. २०२० च्या अभ्यासाचं म्हणणं असं की सुरुवातीच्या डायनासोरांची अंडी मऊ होती, आणि टणक कवच पुढे निदान तीन वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे आलं. शिंगवाल्यांच्या या शाखेत ते आलं नव्हतं.

मऊ अंड्यावर शंभर किलोंच्या आसपासचा प्राणी बसू शकत नाही, आणि उघड्यावर ते सुकून जातं. म्हणजे ओल्या वाळूत किंवा मातीत पुरायचं आणि जमिनीच्या उबेवर सोडायचं. पण म्हणून आईबाप अंडी घालून निघून जात, असा अर्थ लगेच काढू नये. मंगोलियातल्या तुगरिकिन शिरे इथलं, १५ पिल्लं असलेलं एक घरटं २०११ मध्ये वर्णन केलं गेलं. ती पिल्लं नुकती फुटलेल्या अंड्यांतली नव्हती, थोडी वाढलेली होती आणि तरी घरट्यातच एकत्र होती. त्यांच्यावर कुणाचं तरी लक्ष असावं, असा त्या अभ्यासाचा अंदाज आहे. मोठ्या पिल्लांचे गटही एकत्र गाडले गेलेले सापडतात.

ती लढाई खरी की योगायोगानं जुळलेले सांगाडे?

पोलंड आणि मंगोलियाच्या संयुक्त मोहिमेला १९७१ मध्ये तुगरिकिन शिरे इथे ही जोडी सापडली. पुरात वाहून आलेले दोन मृतदेह एकमेकांत अडकले असतील, ही शंका स्वाभाविक आहे. पण हा सांगाडा पाण्यानं आणलेल्या गाळात नाही, वाऱ्यानं साठलेल्या वाळूत आहे. आणि व्हेलोसिरॅप्टरचा उजवा हात प्रोटोसेराटॉप्सच्या चोचीत पक्का धरलेला आहे. मेलेल्या प्राण्याला ते जमत नाही. म्हणून झुंज चालू असतानाच वाळूची टेकडी ढासळली किंवा वादळानं दोघांना गाडलं, हे स्पष्टीकरण बहुतेकांना मान्य आहे.

व्हेलोसिरॅप्टर वजनाला पंधरा-वीस किलोंचा, म्हणजे भक्ष्य शिकाऱ्याच्या कित्येक पट जड होतं. एरवी मेलेल्या प्रोटोसेराटॉप्सवर त्यानं ताव मारल्याच्याही खुणा आहेत. अंतर्गत मंगोलियात दातांचे ओरखडे पडलेली हाडं आणि त्यांच्याजवळ शिकाऱ्याचे तुटलेले दात मिळाले आहेत. त्यामुळे ही जोडी म्हणजे दोघांचं रोजचं जगणं, असं समजू नये.

या वाळूमुळेच प्रोटोसेराटॉप्स इतक्या संख्येनं टिकला. काही सांगाडे तर उभ्या अवस्थेत, तोंड वर केलेले मिळतात, जणू वाळूतून वर येण्याची धडपड करताना थांबलेले. गाडले गेल्यावर हाडं पांगली नाहीत, कोल्ही-लांडग्यांच्या जागी तेव्हा जे कोणी होते त्यांच्या हाती लागली नाहीत.

गरुडतोंड्या सिंहाची दंतकथा यावरूनच आली का?

ग्रीक कथांत सोन्याची राखण करणारा, गरुडाच्या तोंडाचा आणि सिंहाच्या धडाचा ग्रिफिन नावाचा प्राणी येतो. गोबीतून जाणाऱ्या सोनं शोधणाऱ्या भटक्यांनी चोचवाले, चार पायांचे सांगाडे पाहिले आणि त्यांतून ही कथा जन्मली, असं एड्रिएन मेयर यांनी सुचवलं. कल्पना इतकी छान आहे की ती सगळीकडे पसरली. मात्र मार्क विटन आणि रिचर्ड हिंग यांनी २०२४ मध्ये ती बारकाईनं तपासली. सोन्याच्या जुन्या जागा आणि प्रोटोसेराटॉप्सचे खडक यांच्यात शेकडो किलोमीटरचं अंतर आहे. खडकातून बाहेर डोकावणारं हाड सहसा एखादा तुकडाच असतो, पूर्ण प्राणी डोळ्यांपुढे येत नाही. आणि ग्रिफिनची चित्रं पश्चिम आशियात व इजिप्तमध्ये ग्रीकांच्या कितीतरी आधीपासून आहेत. सिंह आणि गरुड दोन्ही तिथल्या लोकांच्या ओळखीचे होते. डायनासोरची गरज नव्हती.

भारतात असे डायनासोर होते का?

शिंगवाल्या कुळाचे अवशेष प्रामुख्यानं आशिया आणि उत्तर अमेरिकेत मिळतात. ही दोन भूखंडं मधून मधून उत्तरेकडून जोडली जात आणि प्राणी ये-जा करत. भारत तेव्हा आशियाचा भाग नव्हताच. आफ्रिका आणि मादागास्करपासून सुटलेलं हे भूखंड समुद्रातून उत्तरेकडे सरकत होतं, आणि त्यावरचे डायनासोर दक्षिणेकडच्या भूखंडांशी नातं सांगणारे होते. गुजरातेत राजासॉरस हा शिकारी मिळाला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या टेकडीत लांब मानेचा इसीसॉरस मिळाला. हिमालय उभा राहण्याइतकी भारताची आशियाशी टक्कर झाली, तोवर पक्षी सोडले तर बाकीचे सगळे डायनासोर संपून गेले होते, प्रोटोसेराटॉप्स तर त्याच्याही आधी.